हा उजेड कुणाचा?

आज रात्री जेवणं आटोपली की घरातले सगळे दिवे थोडा वेळ बंद करायला लावा. आई ओरडेल. तिला सांगा, विज्ञानाचा अभ्यास चाललाय. वीज आधीच गेलेली असेल तर फारच छान! मग डोळे अंधाराला सरावले की घरात, अंगणात, गोठ्याजवळ हिंडा आणि काय काय चमकतंय ते शोधा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची लाल-पिवळी पट्टी सापडेल. तिला आपल्याकडे लहानथोर सगळे ‘रेडियम’ म्हणतात, आणि बसस्टँडजवळच्या दुकानात नंबरप्लेटवर ती चिकटवून देणारा तो ‘रेडियमवाला’. पट्टीवर बॅटरीचा झोत टाका, लख्ख चमकेल. झोत बाजूला घ्या, काळीठिक्कर. म्हणजे उजेड तिचा नव्हताच, तुमच्या बॅटरीचा होता. पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा प्लास्टिकच्या खाचा असतात आणि उजेड जिकडून आला तिकडेच त्या त्याला परत धाडतात. म्हणून तर संत्री भरून नागपूरकडे निघालेल्या ट्रकची पाठ मागून येणाऱ्या गाडीवाल्याला अंधारातही दिसते. पट्टीत रेडियमचा एक कणसुद्धा नसतो. खुशाल हात लावा.

दुसरी सापडेल ती छताला चिकटवलेली प्लास्टिकची चांदणी, किंवा घड्याळाच्या काट्यांवरचा हिरवट रंग. दिवा बंद केल्यावर ही मंडळी चमकतात आणि हळूहळू मंदावतात. दिवसभर प्यालेला उजेड त्या रात्री थोडा थोडा बाहेर सोडतात. आजकाल या कामासाठी स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेट नावाचा पदार्थ वापरतात. जपानमधल्या नेमोतो कंपनीनं तो १९९३ साली बाजारात आणला आणि चांगला तासन् तास टिकणारा उजेड सगळ्यांना मिळाला. त्यातही किरणोत्सार, म्हणजे अणूंतून बाहेर पडणाऱ्या किरणांचा मारा, नाही. पण हाही उजेड उसनाच.

आता तिसरी जात. ही ओळखायला थोडा धीर लागतो. चमकणारं घड्याळ काळ्या फडक्यात गुंडाळा, स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा आणि दोन दिवस विसरून जा. मग रात्री गोधडीत शिरून डबा उघडा. दोन दिवसांत उजेडाचा थेंबही न मिळालेलं ते घड्याळ तरीही चमकत असेल, तर तो उजेड त्याचा स्वतःचा आहे!

तुमच्या पांढुर्णा-सौंसर भागात असं घड्याळ क्वचितच मिळेल. ते महाग असतं आणि मुख्यतः सैनिक, पाणबुडे, गिर्यारोहक ते वापरतात. पण असतं खरं. ना सेल, ना बटण, ना चार्जिंग, आणि उजेड वर्षानुवर्षं. यामागे जो कारागीर आहे त्याचं नाव ट्रिटियम.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनच, फक्त जास्त वजनाचा. साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एकटा प्रोटॉन असतो. ट्रिटियमच्या केंद्रात त्याच्या सोबतीला दोन न्यूट्रॉन असतात आणि या तिघांचं काही फार काळ जमत नाही. कधीतरी एक न्यूट्रॉन रूप बदलून प्रोटॉन होतो, त्या गडबडीत एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि ट्रिटियमचा झालेला असतो हेलियम. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत रदरफोर्ड, ओलिफंट आणि हार्टेक या तिघांनी १९३४ साली हा जड भाऊ पहिल्यांदा तयार केला.

तो फेकलेला इलेक्ट्रॉन किती जोरात जातो? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर गोटे कसे भिरकावतात, हे पांढुर्णा आणि सावरगावच्या मुलांना मी काय सांगणार! (पाहायचं असेल तर घराच्या गच्चीवरून, लांबून. नदीकाठी जायचं नाही. दरवर्षी डोकी फुटतात.) तिथे हात दुखून आलेल्या माणसानं भिरकावलेला गोटा पलीकडच्या काठाला पोचतच नाही, मध्येच पाण्यात पडतो. ट्रिटियमचा इलेक्ट्रॉन तसा आहे. हवेत तो जेमतेम सहा मिलिमीटर जातो आणि दमतो. काचेतून बाहेर येणं त्याला जमत नाही. तुमच्या कातडीवरचा जो मेलेला, कोंड्यासारखा निघणारा थर असतो ना, तेवढाही त्याला ओलांडवत नाही.

मग एवढ्या अशक्त इलेक्ट्रॉनचा उपयोग काय? स्वित्झर्लंडमधली एमबी-मायक्रोटेक नावाची कंपनी काचेच्या अगदी बारीक नळ्या करते. नळीला आतून झिंक सल्फाइडसारख्या पावडरीचा लेप देतात, आत ट्रिटियम वायू भरतात आणि लेझरनं दोन्ही टोकं वितळवून बंद करतात. आतल्या आत इलेक्ट्रॉन लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. टीव्हीच्या जुन्या, पोट पुढे आलेल्या डब्यातही पडद्यावर असेच इलेक्ट्रॉन आदळायचे. रंग कोणता दिसणार हे लेपातल्या भेसळीवर ठरतं. झिंक सल्फाइडमध्ये तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश असेल तर उजेड हिरवा आणि मँगनीजचा असेल तर नारिंगी.

मँगनीज म्हटल्यावर सौंसरच्या मुलांनी कान टवकारायला हवेत. तुमच्या तालुक्याच्या पोटात मँगनीज आहे, आणि ज्या खडकांमध्ये ते सापडतं त्या खडकांच्या समूहाला भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ‘सौंसर समूह’ असंच म्हणतात. हे खडक बालाघाट, भंडारा, नागपूरपर्यंत पसरलेत, पण नाव तुमच्या गावाचं. फर्मोर नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानं भारतातल्या मँगनीजवर १९०९ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात छिंदवाड्याच्या या भागातल्या खाणींचं वर्णन आहे. आता पांढुर्णा २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा झालाय आणि सौंसर त्यात आलंय, पण खडकांना त्याची काही खबर नाही.

ट्रिटियमचा हा दिवा कायमचा मात्र नाही. सव्वाबारा वर्षांत, नेमकं सांगायचं तर १२.३ वर्षांत, निम्मे अणू हेलियम होऊन बसतात. अजून तेवढीच वर्षं गेली की निम्म्याचे निम्मे. करा बरं हिशोब: तुमच्या जन्माच्याही आधी, पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घड्याळात किती ट्रिटियम उरलं असेल? साधारण पाव. सदतीस वर्षांपूर्वीच्या? आठवा हिस्सा.

हे सगळं मी एकदा सौंसरच्या एका पोराला सांगत होतो. त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, “आबाजीचं जुनं घड्याळ बी चमकत होतं म्हणते. मंग फेकून देऊ का जी ते?”

फेकायचं नाही रे बाबू. पण जुन्या घड्याळाची गोष्ट वेगळी आहे आणि ती ऐकावीच लागेल, कारण ट्रिटियमच्या आधी हे काम करणारा कारागीर फार खुनशी होता.

तो म्हणजे रेडियम. खरा रेडियम, ट्रॉलीवरचा नव्हे. मेरी आणि पिएर क्युरी यांनी तो १८९८ साली शोधला. झिंक सल्फाइडमध्ये चिमूटभर रेडियम मिसळलं की चमकणारा रंग तयार होतो, हे लक्षात आल्यावर घड्याळवाल्यांची चंगळ झाली. पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या सैनिकांना अंधारात वेळ पाहता यायला हवी होती. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एका गावी १९१७ मध्ये घड्याळाच्या तबकड्या रंगवण्याचा कारखाना जोरात सुरू झाला. गावाचं नाव ऑरेंज. हो, संत्रं! तिथे कामाला होत्या तरुण मुली, कित्येक तर तुमच्या मोठ्या ताईच्या वयाच्या. आकडे बारीक, म्हणून ब्रशचं टोक अणकुचीदार हवं. त्यांना शिकवलेलं होतं की ब्रश ओठांत धरा, टोक करा, रंगात बुडवा, रंगवा. पुन्हा ओठांत. दिवसभर. रंग निरुपद्रवी आहे असं त्यांना सांगितलं होतं. काही जणी गंमत म्हणून नखं रंगवायच्या, दात रंगवायच्या आणि रात्री अंधारात चमकून घरच्यांना हसवायच्या.

त्याच कंपनीचे रसायनतज्ज्ञ रेडियम हाताळताना शिशाच्या पडद्याआड उभे राहायचे आणि चिमटे वापरायचे. हे आठवलं की मला दर वेळी राग येतो.

रेडियम शरीरात गेलं की ते कॅल्शियमचं सोंग घेतं. शरीर फसतं आणि त्याला हाडांत नेऊन बसवतं. तिथून ते आतल्या आत मारा करत राहतं. मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडं कुजली, पाय मोडले, अनेक जणी गेल्या. १९२५ साली डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी दाखवून दिलं की कारण रेडियमच आहे. १९२७ मध्ये ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणी कंपनीविरुद्ध कोर्टात गेल्या. तोवर त्यांच्यातल्या काहींना शपथेसाठी हातही वर करता येत नव्हता. १९२८ मध्ये तडजोड झाली, भरपाई मिळाली. कामगारांच्या सुरक्षिततेचे जे नियम पुढे झाले, त्यांना या मुलींच्या लढाईनं मोठा हातभार लावला.

रेडियम निम्मं होण्याची मुदत १,६०० वर्षं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तबकड्यांमध्ये ते जवळजवळ सगळंच्या सगळं अजून आहे. आणि इथेच फसगत होते. रेडियमच्या सततच्या माऱ्यानं झिंक सल्फाइडचा लेप काही वर्षांतच झिजून जातो आणि चमकणं बंद होतं. तबकडीवर दिसतो एक तपकिरी, मेलेला रंग. माणसाला वाटतं, आता चमकत नाही म्हणजे काही उरलं नाही. उलट आहे! उजेड गेला, रेडियम बसून आहे.

म्हणून आबाजींच्या घड्याळाचं काय करायचं ते सांगतो. सगळी जुनी घड्याळं रेडियमची नसतात, बऱ्याचशा घड्याळांत चमकणारं काहीच नसतं. काच लावलेलं, बंद घड्याळ कपाटात ठेवायला हरकत नाही. पण तबकडीवर तपकिरी पडलेले ठिपके असतील तर ते घड्याळ उघडायचं नाही, नखानं रंग खरवडायचा नाही, फुंकर मारून धूळ उडवायची नाही. ते उशाशी घेऊन झोपायचंही नाही, कारण रेडियमचे काही किरण काचेतून, धातूतूनही बाहेर येतात. तबकडीवर अगदी तळाशी, सहाच्या आकड्याखाली भिंगातून पाहा. तिथे बारीक ‘टी’ अक्षर असेल तर ते ट्रिटियमचं. रेडियमला हटवून १९६० च्या दशकात ट्रिटियमचा रंग आला आणि साधारण १९९८ पर्यंत स्विस घड्याळांत तो राहिला. काही तबकड्यांवर ‘टी’ आणि २५ चा आकडा असतो. त्याचा अर्थ असा की ट्रिटियम २५ मिलिक्युरीच्या आत आहे. क्युरी हे किरणोत्सार मोजायचं माप, नाव अर्थातच क्युरींवरून.

आता खरा प्रश्न. ट्रिटियमची नळी फुटली तर?

वायू क्षणात हवेत पसरतो. खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा, थोड्या वेळानं मोठ्या माणसाला ओल्या फडक्यानं तुकडे उचलायला सांगा, हात साबणानं धुवा. श्वासात गेलेला ट्रिटियम वायू बहुतेक सगळा पुढच्या श्वासाबरोबर बाहेर पडतो. पण हाच ट्रिटियम ऑक्सिजनशी जोडून पाणी झाला की प्रकरण बदलतं. पाणी शरीराला हवंच असतं. ते रक्तात जातं, प्रत्येक पेशीत जातं, आणि काचेबाहेर न पडू शकणारा तो दमलेला इलेक्ट्रॉन आता आतच बसून मारा करतो. तेवढ्याच ट्रिटियमचा त्रास वायूपेक्षा पाण्याच्या रूपात सुमारे दहा हजार पट जास्त धरतात.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. कारवारजवळ कैगा इथे अणुवीज केंद्र आहे. कारवार म्हणजे गोव्याच्या सीमेला लागलेला कर्नाटकचा कोपरा, कोकणी-मराठी बोलणारी पुष्कळ माणसं तिथे राहतात. या केंद्रातल्या अणुभट्ट्यांमध्ये जड पाणी, म्हणजे केंद्रात एक न्यूट्रॉन असलेल्या हायड्रोजनचं पाणी, वापरतात आणि त्यात आपोआप ट्रिटियम तयार होत राहतं. म्हणून तिथल्या कामगारांची लघवी नियमित तपासली जाते. नोव्हेंबर २००९ मध्ये तपासणीत एकदम पन्नासहून जास्त जणांच्या लघवीत ट्रिटियम वाढलेलं दिसलं. अणुभट्टीत तर कुठे गळती नव्हती. मग आलं कुठून? शोधता शोधता सापडलं ते पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये! कुणीतरी मुद्दाम थोडं जड पाणी त्यात ओतलं होतं.

उपाय काय केला असेल सांगा? भरपूर पाणी पाजलं, आणि लघवी जास्त व्हावी म्हणून औषध दिलं. ट्रिटियमचं पाणी हे शेवटी पाणीच आहे, त्यामुळे ते पाण्याबरोबर बाहेर जातं. शरीरातलं निम्मं ट्रिटियम साधारण दहा दिवसांत निघून जातं, पाणी जास्त प्यालं तर त्याहून लवकर. रेडियम हाडांत घर करतं आणि ट्रिटियम पाहुण्यासारखं येऊन जातं, म्हणून तर घड्याळवाल्यांनी एकाला हाकलून दुसऱ्याला कामावर ठेवलं.

तरीही कायदा ट्रिटियमकडे डोळेझाक करत नाही. भारतात अणुऊर्जेचा कायदा १९६२ साली झाला होता, आणि किरणोत्सारावर लक्ष ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालं. त्याचं ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. किरणोत्सारी पदार्थ बनवायचा, परदेशातून आणायचा किंवा विकायचा तर आधी या मंडळाला विचारावं लागतं. २००४ च्या नियमांत ते सविस्तर दिलं होतं. म्हणजे मोबाइलवर ‘वीस वर्षं चमकणारी किल्लीची साखळी’ दिसली म्हणून बाबांच्या मागे लागू नका. अशी एखादी साखळी खरी असेल तर ती परवानगीची भानगड, आणि खोटी असेल तर पैसे पाण्यात.

साखळीवरून एक मजा सांगतो. अमेरिकेत घड्याळामध्ये २५ मिलिक्युरीपर्यंत ट्रिटियम चालतं. पण तीच काचेची नळी किल्लीच्या साखळीत घालून विकायला तिथे परवानगी मिळत नाही. ब्रिटनमध्ये मात्र अशा साखळ्या दुकानांत मिळतात. नळी तीच, ट्रिटियम तेच, मग असं का? कारण अमेरिकेतले नियम करणारे फक्त ‘धोका किती’ एवढंच विचारत नाहीत, ‘गरज किती’ हेही विचारतात. रात्री डोंगरावर वाट शोधणाऱ्याला घड्याळ दिसणं गरजेचं आहे. काही विमानांत ‘बाहेर पडायचा रस्ता’ दाखवणारी पाटी ट्रिटियमवर चमकते, कारण वीज गेली तरी ती दिसलीच पाहिजे. पण किल्ली काय, चाचपडूनही सापडते. खेळणी आणि दागिने यांत तर किरणोत्सारी पदार्थ घालूच नयेत, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थासुद्धा सांगते. मला हे पटतं. एका साखळीनं काही होणार नाही, पण लाखो साखळ्या कचऱ्यात, चुलीत, लहान बाळाच्या तोंडात कुठे कुठे जातील याचा पत्ता कोण ठेवणार?

आपल्याकडे याहून जुनी एक किरणोत्सारी वस्तू असायची. वरातीत माणसं डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालायची, त्या बत्तीतली पांढरी जाळी. ती वर्षानुवर्षं थोरियमच्या क्षारात बुडवून केली जायची, आणि थोरियम किरणोत्सारी आहे. गंमत अशी की जाळीचा तो झगझगीत उजेड किरणोत्सारामुळे नाही, नुसता तापल्यामुळे असतो. जळकी जाळी मोडली की तिची राख श्वासात जाऊ द्यायची नाही, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं.

आणि आता ट्रिटियमचा शेवटचा पत्ता. तो तुमच्या बागेतही आहे! आकाशातून येणारे विश्वकिरण हवेतल्या नायट्रोजनवर आदळतात आणि थोडंसं ट्रिटियम सतत तयार होत असतं. ते पावसाबरोबर खाली येतं. घाबरू नका, हायड्रोजनच्या अब्जावधी अणूंत ते शोधूनही सापडणार नाही इतकं कमी. पण १९५२ नंतर मोठ्या देशांनी हवेत हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या केल्या आणि पावसातलं ट्रिटियम शेकडो पटींनी वाढलं. १९६३ च्या सुमाराला ते सगळ्यात जास्त होतं. त्याच वर्षी हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार झाला आणि ते पुन्हा उतरत गेलं.

शास्त्रज्ञांनी यातून एक घड्याळ बनवलं, काट्यांशिवायचं. जमिनीखालचं पाणी बाहेर काढायचं आणि त्यातलं ट्रिटियम मोजायचं. ते चांगलं मोजण्याइतकं असेल तर पाणी अलीकडच्या पावसाचं, म्हणजे जमिनीत पुन्हा मुरतंय. ट्रिटियम जवळपास नसेलच, तर ते पाणी १९५२ च्या आधी पडलेलं. तुमच्या आबाजींच्या आबाजींच्या वेळचं! असं पाणी उपसलं तर ते लवकर भरून येत नाही. शेजारच्या वरूड-मोर्शीत संत्र्यांसाठी बोअर इतक्या खोल गेल्या की सरकारनं तिथलं भूजल अतिउपसा झालेलं म्हणून नोंदवलंय. तेव्हा उद्या घरी दोन गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा: आपली बोअर किती फूट आहे, आणि पहिल्यांदा मारली तेव्हा पाणी किती फुटांवर लागलं होतं?